थंड बॉयलरचा काटा

"भरलंसा ते झ्याक केलंसा," आप्पा म्हणाले, "पण आदलं पाणी गेलं कुटं?"

मी मोबाइल खिशात ठेवला. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडं होतं, आत भिंतीवर टांगलेला आमचा बॉयलर नुकताच पुन्हा गुरगुरायला लागला होता, आणि त्याच्या पोटावरच्या लहानशा गेजमधला काटा शून्यावरून दीडवर आला होता. हे सगळं मी एका व्हिडिओच्या बळावर अकरा मिनिटांत घडवून आणलं होतं. अशा वेळी माणसाला टाळ्या हव्या असतात, प्रश्न नको असतात.

"थोडंफार जातंच, आप्पा. उडून जातं."

"बंद नळीतनं?"

"इथलं पाणी वेगळं असतं."

हे वाक्य मी खरोखर बोललो. तेही अशा माणसाला, ज्यानं चौतीस वर्षं साखर कारखान्याचा बॉयलर चालवला होता.

आप्पा म्हणजे माझे सासरे, आदगोंडा मगदूम. शिरोळ तालुक्यातल्या एका कारखान्यात फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट होते. त्यांचा बॉयलर तीन मजली उंच, हंगामात रात्रंदिवस उसाचं चिपाड खाणारा, पंचेचाळीस किलोच्या दाबावर चालणारा. सासूबाई गेल्या आणि जयसिंगपूरच्या घरात आप्पांना बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून त्रिशलानं, माझ्या बायकोनं, त्यांना सहा महिन्यांसाठी शेफील्डला आणलं. नोव्हेंबरात. म्हणजे ज्या महिन्यात इंग्लंडचे लोकसुद्धा इंग्लंडमध्ये राहायला नाखूष असतात, त्या महिन्यात. याला आता तेरा वर्षं झाली.

तिकडच्या घरांत असा एक बॉयलर असतोच. तोच खोल्यांतले रेडिएटर तापवतो, तोच नळाला गरम पाणी देतो. आतल्या पाण्याचा दाब एक ते दीडच्या मध्ये असावा लागतो. तो फार उतरला की बॉयलर रुसून बंद पडतो आणि घर शीतगृह होतं. मग खालच्या बाजूला एक वेणीसारखी नळी असते, तिचे दोन छोटे नळ उघडायचे. सूं आवाज होऊन पाणी आत शिरतं, काटा चढतो, नळ बंद करायचे. एवढंच. पण ते करताना मी बाह्या वर सारल्या होत्या, आणि त्रिशलाला विजेरी धरायला लावली होती.

ती सकाळपासून म्हणत होती, "माणूस बोलव." मी म्हणालो होतो, "तुला प्रत्येक गोष्टीला माणूस लागतो." नंतर मी दीडवरच्या काट्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. पुण्याहून माझ्या मावशीनं लिहिलं, "घरचा इंजिनिअर!" वस्तुतः माझी नोकरी दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची होती. स्वतःच्या चुका शोधायचा पगार मला कुणी देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता काटा अर्ध्यावर होता.

त्रिशला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला गेली होती. आप्पा रोजच्यासारखे कानटोपी घालून बागेकडे फिरायला गेले होते; अकराला निघायचे, सव्वाबाराला परत. मी घरूनच काम करायचो. माझ्यापुढे दोन सरळ मार्ग होते. एक, माणूस बोलावणं. दोन, बायकोला फोन करून "तुझं बरोबर होतं" म्हणणं, ज्यात शेवटी माणूस बोलावणं आलंच. मी तिसरा मार्ग घेतला. नळ उघडले, सूं आवाज झाला, काटा दीडवर आला. दार लावून मी वर जाऊन कामाला बसलो. मनाला म्हटलं, आजचा दिवस. उद्या बसेल जागेवर.

सव्वाबाराला आप्पा आले. खाली कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

"शिरीषराव," त्यांनी जिन्याखालून हाक मारली. "जरा येतायसा का खाली?"

त्यांच्या हातात शंभर पानी वही होती. जयसिंगपूरहून येताना पत्ते लिहायला आणलेली. आता तिच्यात रेघा मारून रकाने पाडलेले होते: वेळ, काटा, गरम का थंड.

"हे काय आप्पा?"

"लॉगशीट. सवय हो, दुसरं काय. बगा. काल संध्याकाळी हीटिंग चालू, तवा काटा पावणेतीनच्या वर. सकाळी आठला हीटिंग बंद. मी फिरायला जाताना बॉयलर थंडगार, काटा अर्धा." त्यांनी बोट गेजकडे नेलं. "आन् आत्ता बगा. थंडच हाय. दीड."

"अरे वा."

"वा काय? थंड बॉयलर आपला आपण चढतोय व्हय? पाणी तापलं तर फुगतं, काटा चढतो. थंड पडलं की उतरतो. हे उलटं कसं झालं?"

आता खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. हसून सांगता आलं असतं. पण कालचा फोटो, मावशी, विजेरी, "तुला प्रत्येक गोष्टीला माणूस लागतो" हे सगळं त्या वाक्याच्या आड उभं होतं.

"तुम्ही अकराला नीट वाचलं नसेल, आप्पा. चष्मा होता का?"

त्यांनी खिशाला हात लावला. चष्मा खिशात होता. म्हणजे डोळ्यांवर नव्हता.

"असंल," ते म्हणाले. वहीतल्या त्या नोंदीपुढे त्यांनी बारीक प्रश्नचिन्ह काढलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी ते चष्मा लावून, शिवाय बॅटरी घेऊन वाचायला लागले. आणि खरं तर ते अगदी बरोबर मार्गावर होते. जेवताना त्रिशलाला समजावून सांगत होते, "गरम असताना काटा तीनला टेकतोय. म्हंजे पाण्याला फुगायला जागा न्हाई. आत फुगायची एक टाकी असती, तिच्यातली हवा गेली असंल. मग जादा दाब सेफ्टी व्हॉल्व बाहेर सोडून देतोय. भाईर भिंतीला एक तांब्याची नळी आलीया बग, तिला पिशवी बांधूया. पिशवीत पाणी आलं की समजलं."

"बांधा की," त्रिशला म्हणाली.

"इथं घरांना पिशव्या बांधत नाहीत," मी म्हणालो. "शेजारी काय म्हणतील?"

शेजारच्या बाईंनी त्यांच्या बागेत प्लास्टिकचे सात बुटके उभे केले होते. त्या काय म्हणणार होत्या?

"पिशवीचं राहू दे," आप्पा म्हणाले. "पण मला एक कळंना. माझा हिशोब खरा असंल, तर दुपारी काटा चढतोय कसा? चार दिवस झाले. एकतर माझा हिशोब चुकतोय, न्हाईतर वाचण्यात चूक हुतीया."

आणि मग मी ते बोललो, जे मी आजवर अनेकदा मनात पुन्हा बोलून पाहिलंय, वेगवेगळ्या सुरांत, कुठल्या तरी सुरात ते कमी वाईट वाटेल या आशेनं.

"आप्पा, आज सकाळी तर तुम्ही मला दीडच म्हणाला होतात."

ते काही म्हणाले नव्हते. सकाळी आम्ही भेटलोसुद्धा नव्हतो.

आप्पांनी घास खाली ठेवला. "मी? कवा?"

"निघताना. दारात. दीड आहे म्हणालात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते आठवायचा प्रयत्न करत होते. कपाळाला आठ्या घालून, मनापासून, दारातली ती न झालेली भेट शोधत होते. त्रिशला माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती.

"माझ्या आईचं असंच सुरू झालं हुतं," शेवटी ते म्हणाले.

"आप्पा, काहीतरीच काय," त्रिशला म्हणाली.

"काहीतरी न्हाई. तू ल्हान हुतीस. चुलीवर दूध ठेवलंय म्हणायची, बगावं तर चूल थंड. मग म्हणायची, तुमीच उतरून ठेवलंसा. आमी तिच्यावर वराडायचो. शेवटी दोन वर्षं मला वळखत नव्हती. पाव्हणं आल्यात, च्या द्या म्हणायची. मला बघून."

मी आमटी वाढून घेतली. आमटी चांगली झाली होती, हेही मला लक्षात आहे. माणूस काय काय लक्षात ठेवतो, बघा.

त्यानंतर तरी मी थांबायला हवं होतं. थांबायचं म्हटलं तर काटा अर्ध्यावर दिसणार आणि सगळं उघड होणार. म्हणून मी भरत राहिलो. मनात एक उदात्त योजनाही आखली: आठवडाभरानं आप्पांना शहर दाखवायला पाठवू, त्या वेळात गुपचूप माणूस बोलावू, बॉयलर दुरुस्त होईल, कुणाचं काही बिघडणार नाही. माझी योजना अशी नेटकी होती, आणि इकडे आप्पा बिघडत चालले होते.

त्यांनी चहा करणं सोडलं. गॅस चालू राहील म्हणून. बाजारातून आणायच्या तीन वस्तू ते कागदावर लिहून घ्यायला लागले. त्यांच्याकडून भाजीत मीठ दोनदा पडलं, जे माझ्या आईच्या हातून आयुष्यभर पडत आलंय, पण आता त्यावर त्रिशला आणि आप्पा दोघंही गप्प झाले. मग त्यांनी फिरायला जाणं बंद केलं. "बागंपासनं दोन वळणं हायत," ते म्हणाले. "चुकलो तर इंग्रजीत पत्ता विचारायचा कसा?" दिवसभर ते स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहायचे. कपाटाचं दार बंद. वही टेबलावर, पण तिच्यात नवी नोंद नाही.

ते हलेनात, त्यामुळे मला नळापर्यंत जाता येईना. काटा उतरत गेला.

त्रिशलानं सर्जरीत, म्हणजे आमच्या भागातल्या दवाखान्यात, वेळ घेतली. शुक्रवारी सकाळी, दहा वीसला. तिला सुट्टी मिळेना, तेव्हा आप्पांना न्यायचं आणि दुभाष्याचं काम करायचं, ही जबाबदारी माझ्याकडे आली. "नीट सांग त्यांना सगळं," ती म्हणाली. "तूच जास्त वेळ घरी असतोस. तुलाच जास्त दिसलंय."

शुक्रवारी सकाळी घर गोठलेलं होतं. बॉयलर बंद. मी खाली आलो तेव्हा आप्पा कोट, मफलर, कानटोपी घालून कपाटासमोर उभे होते. तोंडातून वाफ येत होती.

"आप्पा, काय झालं?"

"मी काय सांगत न्हाई आता," ते म्हणाले. "तुमीच बगा. मला शून्य दिसतंय."

बाहेर उणे तीन होतं, रेडिएटर बर्फासारखे, नळाला गरम पाण्याचा थेंब नाही, आणि तो माणूस शून्याला शून्य म्हणायला माझी परवानगी मागत होता.

"शून्यच आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

त्यांना त्यानं जरा बरं वाटलेलं दिसलं.

सर्जरीतल्या नर्सचं नाव बार्बरा. पन्नाशीची, चष्मा गळ्यात अडकवलेली, घाई नसलेली बाई. तिनं आप्पांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: सफरचंद, टेबल, नाणं. मी मराठीत सांगितले. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. आप्पांनी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असं धडाधड खाली आणलं. इंग्रजी करता करता मीच मागे पडलो. तीन शब्द परत विचारले, तिन्ही बरोबर. मग तिनं कागद पुढे सरकवला. गोल काढून घड्याळ दाखवा, अकरा वाजून दहा मिनिटं.

गोल छान आला, आकडे ठीक बसले. मग त्यांनी अकराच्या जरा पुढे एक काटा काढला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"झालं?" बार्बरानं विचारलं.

"झालं," आप्पा म्हणाले.

एकच काटा. चौतीस वर्षं ज्या गोल तबकड्या त्यांनी पाहिल्या, त्यांना एकच काटा होता. बार्बराला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिनं तिच्या कागदावर काहीतरी लिहिलं. जरा लांबच लिहिलं.

"त्यांना विचाराल का," ती मला म्हणाली, "आपली स्मरणशक्ती बिघडलीय असं त्यांना का वाटतं?"

मी विचारलं. आप्पांनी कोटाच्या खिशातून वही काढून मांडीवर ठेवली. हे ते बरोबर आणणार, असं मला वाटलं नव्हतं.

"त्यांना म्हणावं, मी डोळ्यांनी एक आकडा वाचतो. लिवून ठेवतो. तासाभरानं बगावं तर तो खोटा निघतोय. आन् मी काय बोललो ते मला आठवत न्हाई, पण जावयास्नी आठवतंय. ते कशाला खोटं बोलतील? म्हंजे माझंच डोस्कं."

मी त्याचं इंग्रजी केलं. आयुष्यात इतकं अचूक भाषांतर मी दुसरं केलेलं नाही. 'ते कशाला खोटं बोलतील' याचंसुद्धा केलं. गाळायला हवं होतं, पण जीभ एकदा सुरू झाली की वाक्य संपवते.

बार्बरानं मान हलवली आणि चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्हाला? घरातल्या माणसाला जास्त कळतं. तुम्हालाही हे जाणवलंय का?"

खोलीत एक घड्याळ होतं, दोन काट्यांचं. त्याचा आवाज येत होता.

मी तिच्याकडे न बघता आप्पांकडे वळलो.

"आप्पा, पाणी मी भरत होतो."

"आँ?"

"तुम्ही फिरायला गेलात की मी नळ उघडून पाणी भरायचो. काटा मी चढवायचो. तुम्ही अकराला वाचलेला अर्धा खरा होता. सव्वाबाराचा दीडही खरा होता. दारात तुम्ही मला काही म्हणाला नव्हतात. ते मी बनवून सांगितलं."

बार्बरा पेन धरून थांबली होती. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मशीनचा एखादा अनोळखी आवाज ऐकावा तसे.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"नऊ वेळा."

त्यांनी वही उघडली. बोट रकान्यावरून खाली नेत एकेक प्रश्नचिन्ह मोजलं. "माझ्याकडं सातच हायत."

"दोनदा तुम्ही दुपारी झोपला होतात."

"हां." त्यांनी पान उलटून पाहिलं, परत आले. "म्हंजे मी बरोबर वाचत हुतो."

"हो."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी पेन्सिल उचलली आणि बार्बराच्या कागदावरच्या घड्याळात दुसरा काटा काढला. दोनवर, ठळक. मग पेन्सिल ठेवली, दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले, आणि ते रडायला लागले. मोठ्यानं, खांदे हलवत. त्यांनी मला एक थोबाडीत दिली असती तर मी ती आनंदानं घेतली असती. पण ते सुटल्यासारखे रडत होते, आणि मध्येच हातांआडून म्हणत होते, "बरं झालं बाबा. बरं झालं."

बार्बरानं टिशूंचा खोका पुढे केला. "तुम्ही त्यांना काही वाईट बातमी दिलीत का?"

"नाही," मी म्हणालो. "चांगली."

मग तिलाही सगळं सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर तिनं आप्पांचा कागद नीट घडी करून बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमच्यासाठी वेळ घेऊ का एखादी?" ती विनोद करत होती की नाही, हे मला अजूनही माहीत नाही.

बसस्टॉपवर पोचेपर्यंत आप्पांचं रडणं ओसरलं होतं आणि राग वर आला होता.

"आमच्याकडं एक हुता," ते म्हणाले. "रातपाळीला झोपायचा आन् सकाळी उठून लॉगशीटवर बसल्या जागी आकडे भरायचा. मी त्याला कामावरनं काढायला लावला. माझा सख्खा मावसभाऊ हुता. बायको चार म्हैने बोलली न्हाई माझ्याशी."

"मग मला काय करणार?"

"तुमास्नी काय करू? घर तुमचं." ते बसच्या दिशेनं बघत राहिले. "लेकीला तुमी सांगायचं. आज. मी समोर बसणार. एक शब्द कमी केलासा तर मी बोलणार."

मी शब्द कमी केला नाही. संध्याकाळी त्रिशला कोट न काढताच टेबलाशी बसली होती. घर अजून थंडच होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"आप्पा आजीचं सांगत होते, तेव्हा तू आमटी वाढून घेत होतास ना?"

"हो."

ती उठली, आप्पांच्या खोलीतला विजेचा हीटर त्यांच्या पायाशी आणून ठेवला, आणि वर निघून गेली. पुढचे सोळा दिवस तिनं माझ्याशी फक्त लेखी व्यवहार केला. 'दूध आण.' 'उशीर होईल.' फॅमिली ग्रुपवर मात्र तिनं सगळी हकीकत सविस्तर लिहिली, मुद्देसूद, माझ्या त्या फोटोला उत्तर म्हणून. मावशीनं त्यावर काहीही लिहिलं नाही.

शनिवारी माणूस आला. आप्पांनी आदल्या रात्रीच माझ्याकडून पाणी भरून घेतलं होतं, हीटिंग चालू करायला लावलं होतं, आणि बाहेर भिंतीतून आलेल्या तांब्याच्या नळीला कोथिंबिरीची रिकामी पिशवी सुतळीनं बांधली होती. मी म्हणालो, "झाकण उघडून टाकी तुम्हीच बघता का?" तर माझ्यावर असे उखडले! "परवाना हाय का माझ्याकडं हितला? परवान्याशिवाय झाकण उघडायचं न्हाई. कुणाचंच."

तो माणूस दारात उभा राहिला, तेव्हा आप्पांनी काही न बोलता त्याला बाहेर नेऊन पिशवी दाखवली. तिच्यात भांडंभर पाणी जमलं होतं. मग आत आणून वही उघडली. त्याला मराठी येत नव्हतं, आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, आणि माझी दोघांनाही गरज पडली नाही. तो बोटानं एकेक नोंद वाचत गेला, सात ठिकाणी त्यानं भुवया उंचावल्या, आणि आप्पांनी सातही वेळा माझ्याकडे बोट दाखवलं. झाकण उघडून त्यानं टाकीच्या तोंडाशी पिन दाबली. हवा फुस्स सुद्धा झाली नाही. बॉयलरमधलं पाणी सोडून त्यानं सायकलच्या पंपासारख्या एका पंपानं तिच्यात हवा भरली, बाहेर गळणारा व्हॉल्व बदलला, पाणी दीडवर आणलं. जाताना मला म्हणाला, "तुमच्या वडिलांना सगळं आधीच कळलं होतं. मला बोलावलंच कशाला?"

"काय म्हणाला?" आप्पांनी विचारलं.

मी सांगितलं.

"परत सांगा."

मी परत सांगितलं.

मे महिन्यात ते परत गेले. विमानतळावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सांभाळून ऱ्हावा." त्यात माफी होती की ताकीद, हे मी विचारलं नाही. पुढे आमचं ठीक चाललं. दर रविवारी ते त्रिशलाला फोन करायचे, शेवटी मला 'बरं हाय न्हवं?' विचारायचे. मी 'बरं आहे' म्हणायचो.

आठ वर्षांनी एका बुधवारी दुपारी त्यांचा फोन माझ्या नंबरवर आला. असा तो कधीच येत नसे.

"शिरीषराव, एकटंच हायसा का?"

"हो आप्पा. त्रिशला खाली आहे. बोलावू का?"

"नगं नगं. तुमच्याशीच बोलायचंय." मागे जयसिंगपूरच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. "काल बाजारातनं येताना गल्ली घावंना. चाळीस वर्षांची गल्ली. शेवटी शिंप्याच्या पोरानं घरी सोडलं. परवा कपाटाची किल्ली हरवली, ती फ्रिजमधनं निघाली. आन् आज सकाळी हिला हाक मारली मी. च्या टाक म्हणून. हिला जाऊन नऊ वर्षं झाली."



"एक विचारू?" ते म्हणाले. आवाजात थोडं हसू होतं, पण थोडंच. "खरं सांगायचं बरं का. ह्ये बी तुमीच करालायसा न्हवं?"

मी शेफील्डमध्ये, वरच्या खोलीत, खिडकीशी उभा होतो. ते वाट बघत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"हो आप्पा," मी म्हणालो. "मीच."

"तरीच," ते म्हणाले. मोकळे हसले, आणि फोन ठेवला.

मी जिना उतरून खाली गेलो. त्रिशला मेथी निवडत होती.

"कुणाचा फोन होता रे?" तिनं विचारलं.

मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं, माझ्या उत्तरासकट.